गुणपत्रक

दिवसा सोहार बंदरातल्या जहाजांची बिलं,
गुरुवारी रात्री विद्यापीठांच्या लीगचं टेबल.
दोनाला तिरकी रेघ,
तिनाला वर आकड्याभोवती गोल,
फ्री थ्रोला भरीव ठिपका.
हुकलेल्याला काहीच नाही.

निझवाची बस उशिरा आली.
त्यांचा कप्तान हमूद बुटाच्या नाड्या बांधताना
औषधांची नावं पुटपुटत होता,
रविवारी पेपर.

आमच्याकडे चौदा नंबर: खातू.
हे आडनाव मी सुबक काढतो,
वकिलातीत जन्मनोंदीच्या अर्जावर काढलं होतं तसंच.
"तिथे बसून माझ्याकडे बघू नका, बाबा,"
गाडीतच बजावलं होतं त्याने.

नव्वद सेकंद उरले. एका गुणाने आम्ही पुढे.
हमूद घुसला, खातू आडवा गेला,
शिट्टी.
पंचांनी बोटं दाखवली: एक, चार.

चार घरं आधीच भरलेली.
पाचव्यातही लिहिलं.
अक्षर जरासुद्धा हललं नाही,
याचं घरी आल्यावर वाईट वाटलं.
पाचाची पाटी उचलली.
त्याने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही,
आणि बाकावर जाऊन टॉवेल डोक्यावर ओढला.

हमूदचे दोन ठिपके, भरीव.
नंतर कुणाचंच काही नाही.
उरलेल्या रिकाम्या घरांवर
पट्टी ठेवून रेघ मारली, सही केली.

हायवेलगत करक चहावाल्यापाशी हॉर्न दिला.
मागच्या सीटवर थर्मोडायनॅमिक्सची वही उघडत
तो म्हणाला, "हात लागला होता."

मी म्हटलं, "साखर कमी सांगू?"