मागची बाजू

ठाकूरद्वारच्या नाक्यावर माझं फ्रेमचं दुकान.
इथे येतात देव, आणि गेलेली माणसं.
दोघेही थेट समोर बघतात,
दोघांनाही काच लागते, आणि वर हारासाठी खिळे.

मागच्या आठवड्यात पाठारेबाई
एक कागद गुंडाळून घेऊन आल्या.
शिसपेन्सिल. पाच माणसं, की सहा,
मी दोनदा मोजली, दोनदा चुकलो.
एकाचा खांदा संपतो तिथंच दुसरीची मान सुरू होते,
मधे रेघ एकच.
ती कुणाची, यावर त्यांचं भांडण नाही.

नाकं नाहीत. डोळ्यांच्या जागी
पेन्सिल नुसती गरगर फिरवलेली,
रहाट सुटून कळशी खाली जावी तशी.
एका बाईचा हात गुडघ्याच्याही खाली आलेला,
पंजा सुपाएवढा.
आमचा मन्सूर हसला, बाई समोर असताना:
"शेठ, यांना चित्र येत नाही."

बाईही हसल्या.
"कुठली माणसं ही?" मी विचारलं.
"परळची. रक्त तपासायच्या खिडकीसमोर
नंबर पुकारायची वाट बघत होतो."
होतो, म्हणाल्या. होते नाही.
मी माप घेतलं. साडेअकरा बाय सोळा.

दुपारी शटर अर्धं ओढून कागद पालथा घातला.
मागून कोरा, पण बोटांना लागत होता:
दाबून काढलेली प्रत्येक रेघ इकडे वर आलेली,
टाके काढल्यावर कातडी राहते तशी.
तो हात मी खांद्यापासून खाली खाली नेला.
वाटेत कोपर लागलंच नाही.
पंजाशी कागद फाटायचाच बाकी.
समोरून तिथं नुसती काळी गिचमिड,
मागून मात्र चौकोनी काहीतरी, चुरगळलेलं.
नंबराची चिठ्ठी असावी.

मन्सूरला म्हटलं, डोळे मीट, हात लाव.
लावला.
मग किती तरी वेळ
स्वतःचाच तळहात उघडून बघत बसला.

कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा आहे, शिशानं मळलेला.
एरवी असलं मी खोडरबरानं साफ करून देतो,
त्याचे पैसे घेत नाही.
हा ठेवला.

पुठ्ठा बसवला, चुका ठोकल्या, तपकिरी टेप ओढली.
ती बाजू आता भिंतीलाच दिसेल.

शनिवारी नेते म्हणाल्या होत्या.
आज बुधवार.
फ्रेम तयार आहे, कपाटाला टेकून.
वरचे खिळे
मी लावलेले नाहीत.