उघाडी

मला जळजळ होत नाही, हे आधी लिहून घ्या.
छातीत काही नाही, पोटात काही नाही.
फक्त घशात एक केस अडकलाय,
आठ महिने झाले, खाकरून निघत नाही
आणि गिळून जात नाही.
सकाळी आवाज निघतो तो गंजक्या बिजागरीचा.
कंट्रोल रूमचा पोरगा म्हणतो, 'काका, लाइन खराब आहे.'
लाइन बरी असते. मी भरतीची वेळ सांगत असतो.

नेरुळच्या दवाखान्यात जसिंता सिस्टरने
नाकातून नळी घातली. म्हणाली, शेवईएवढी आहे.
शेवई नव्हती.
मग घोट घोट पाणी, दहा वेळा.
'गिळा. आता पुन्हा गिळायचं नाही, हरेश्वरकाका.
थांबा. थांबा. अहो, थांबा ना.'

पडद्यावर निळं म्हणजे स्वस्थ, लाल म्हणजे जोर.
वरून खाली एक लाल पट्टी तिरकी उतरायला हवी,
जाळं ओढताना दोरी
या हातातून त्या हातात जाते तशी.
पहिली उतरली.
दुसरी मध्येच फाटली.
पुढच्या कितीतरी निळ्यातच विरल्या,
दहातल्या सात, सिस्टरने पेनाने खुणा केल्या.

मी एकतीस वर्षं दारं राखली.
वाशीच्या धारण तलावाला लोखंडी झडपा आहेत,
ओहोटीला शहराचं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं,
भरतीला खाडीच त्यांना मिटवते.
त्याआधी बाप खाजणाच्या बांधावर उघाडी राखायचा,
सागाची फळी, फटीत चिखल नि पेंढा.
एका रात्री डोळा लागला तर वर्षाचं भात खारं.
म्हणून डॉक्टर केळुसकरांना निदान मीच सांगितलं:
'खालची झडप गेली असणार साहेब. बदलून मिळते?'

ते हसले नाहीत. कागद माझ्याकडे फिरवला.
'झडप तुमची ठीक आहे. थोडं वर येतंच, सगळ्यांचं येतं.
आलेलं परत खाली लोटायचं
ते अन्ननलिकेच्या स्नायूंनी. तुमचे लोटत नाहीत.
म्हणून ते घशाशी येऊन बसत असावं,
न जळता, रात्र रात्र.
शंभर टक्के आहे असं नाही म्हणत मी.'

संध्याकाळी ड्युटीवर गेलो.
झडपा मिटलेल्या, ग्रीस ताजं, मीच घातलेलं.
मागे तलावात गाळ, गाळावर कांदळ वाढलेलं,
बगळा घोट्यापर्यंतच बुडतो.
गेल्या उधाणाला दुकानांत पाणी शिरलं
तेव्हा झडप नीट मिटली नाही असा मेमो मला आला.
त्याच्या आधीचं गाळाबद्दलचं माझं पत्र
कुठल्या टेबलावर आहे, माहीत नाही.
मेमोवर सही केली तेव्हा एक आवंढा गिळला होता.
बापाने जमिनीच्या कागदावर अंगठा उठवला
आणि घरी येऊन शाई धुवत बसला, तेव्हाही एक.
सिस्टरच्या मशीनमध्ये ते नाहीत,
तिथे नुसतं पाणी होतं.

गुलाबने पलंगाच्या डोक्याकडे दोन विटा घातल्या.
'बांध घातला तुला,' म्हणाली.
जेवण आता दिवस मावळायच्या आत,
कालवणात मिरची नाही, चहा एकदाच,
बोंबील ती माझ्यासमोर खात नाही,
वास मात्र येतो.
दर घासाला मी थांबतो.
हा उतरला का, हा कुठवर गेला,
घराच्या आतून पावलं ऐकावीत तसं ऐकतो.

काल रात्री दोन दहाला भरती होती.
उताणा नाही, डाव्या कुशीवर झोपायचं असतं,
पण ड्युटीवर कसली कूस. खुर्चीत बसून होतो.
पाणी झडपेला येऊन टेकलं, लोखंड कण्हलं, मिटलं.
घोटभर कोमट पाणी प्यालो.
थांबलो.
मग फोन लावला. 'दोन दहा. पूर्ण भरती. दारं बंद.'
'कोण बोलतंय? आवाज ओळखू येत नाही.'
खाकरायला तोंड उघडलं आणि खाकरलो नाही.
'मी,' म्हटलं, 'उघाडीवरून.'
पोरगा म्हणाला, 'कुठून?'