अकरा नंबरची छत्री

सोळा छत्र्या शिवल्या,
बारांचे पैसे मिळाले.
उरलेल्या चारांपायी मालकानं
दोन गुलाबी पास ठेवले हातावर:
‘बीच क्लब, एक दिवस, जेवणासकट,
सकाळी दहा ते सूर्य बुडेपर्यंत.’

बीच म्हणजे आमच्या गावामागचा तलाव,
मालगुजारांच्या काळचा.
त्याच्या पाळीलगत टिप्परनं ओतलेली वाळू
आणि ड्रमात लावलेले सात नारळ,
अजून इथल्या उन्हाला बिचकणारे.

मी ठरवलं, वसूल करायचं.
चार छत्र्या, एकेकीच्या आठ पाकळ्या,
दर पाकळीला दुहेरी टीप,
हे सगळं एका दिवसात.
पुस्तकलाला सोबत घेतलं.
पावणेदहालाच फाटकावर.
वॉचमन म्हणाला, अजून वेळ आहे.
ती म्हणाली, “उभं राह्याचे तर पैसे नाई ना, बाप्पा?”

आत गेल्या गेल्या लिंबूपाणी, दोन-दोन गिलास.
मग झोपाळा. मग परत लिंबूपाणी.
मग पिवळ्या रबरी टायरीत बसायचं ठरलं
तर आधी जाकीट घाला म्हणाले,
आणि पुस्तकला हसत सुटली ती थांबेचना.
याच पाण्यात तिचा बाप
डोंग्यातून शिंगाडे काढायचा,
ही मागं बसून पाणी उपसायची, पाच वर्षांची.
“आता मले बुडू नको म्हणून सांगतेत.”

वाळू तिनं चिमटीत घेतली, चोळली,
तांदूळ पारखावा तशी.
“वैनगंगेची हाय.
रातच्यान् आमच्या दारावरून जातेत थे टिप्पर.”
मग चपला काढल्या
आणि घोट्यापर्यंत पाय पुरून बसली,
माहेरच्या ओट्यावर बसावं तशी.

जेवणात मासा होता, समुद्राचा, बर्फातून आलेला.
तिनं एक घास खाल्ला, ताट फिरवून पाहिलं,
“याले पाण्याची यादच नाई राह्यली.”
मी मात्र तिचाही खाल्ला.
वसूल म्हणजे वसूल.

एक वाजता अकरा नंबरखाली आलो.
वर पाहिलं तर माझीच शिवण,
दोन पाकळ्यांमध्ये वीतभर उसवलेली.
आठवली ती रात्र, लाइट गेलेली,
मोबाइलच्या उजेडात मारलेली टीप.
हात आपोआप पोलक्याकडे गेला,
तिथं सुई असतेच, दोऱ्यासकट,
लग्नाकार्यातसुद्धा.
पुस्तकलानं मनगट धरलं.
“आज नाई वो.”

मग आडवी झाले, पाय मावळतीकडे, डोकं उगवतीला.
कठीण असतं ते.
पाठ विचारत राहते, आता काय, आता काय.
उसवल्या फटीतून उन्हाची एक पट्टी
पायाच्या अंगठ्यावर पडली होती,
ब्लाउजच्या पट्टीएवढी रुंद.
सरकत होती, पण पाहताना सरकायची नाही.
डोळे मिटून उघडले की थोडी वर.
अडीचला पोटरीवर.
गुडघ्याशी आली तेव्हा मला बहुधा झोप लागली,
कारण त्यानंतरचं एकदम
उजव्या हाताचं आठवतं,
जिथं कात्रीनं घट्टा पडलाय तिथं ऊन,
आणि पुस्तकला लांब पाण्यात, जाकीट नसलेली,
वॉचमन शिट्टी वाजवतोय,
ती ऐकत नाही.

पायात अजून चार गोष्टी बाकी होत्या पासात.
मसाजची खुर्ची. फोटो. आइस्क्रीम.
चौथी काय ते वाचलंच नाही.

सूर्य बुडाला तेव्हा मालक फाटकावर.
“काय काकू, झालं ना वसूल?”
म्हटलं, अकरा नंबर उसवलीय.
दुरुस्तीचे ऐंशी, रोख.
तो हसला.
मी हात पुढे केलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी मशीन करकरलं.
बॉबिनची पट्टी उघडली,
आत वाळूचे सात-आठ कण,
लुगड्याच्या काठातून झडलेले.
कुडापलीकडे हाक दिली:
पुस्तकले, तुही नदी
माह्या घरी आली वो,
घेऊन जाय.