ओळ पस्तीस

उद्यमनगरात मुल्लाणींच्या फौंड्रीत
वजनकाट्याशेजारी एक काँप्युटर आहे.
पडदा काळा, अक्षरं हिरवी,
एफचं बटण उडालंय, तिथं खिळ्यानं दाबायचं.
त्यात बेसिक आहे. अजून आहे.
झाकीरभाई म्हणतात, काढायचं कुणाला येत नाही,
म्हणून आहे.

रात्रपाळीला भट्टी तापेपर्यंत मला काम नसतं.
बारावीला गचकलो त्या वर्षी
घोडके सरांच्या क्लासात हेच शिकलो होतो :
ओळींना नंबर दहा, वीस, तीस असे द्या रे,
मधी जागा सोडा,
माणसाला मागनं सुचतं.

तर एक खेळ केला.
इंग्रजी यू म्हणजे पेला,
टिंब म्हणजे दूध.
गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीखाली धरतात
तसा धरायचा, चार दाबलं की डावीकडं, सहाला उजवीकडं.
म्हैस काढायला गेलो, जमली नाही.
ती पडद्याच्या वर उभी आहे
असं धरून चालायचं.

डिस्कवर हे ठेवता येत नाही,
अठरा वर्षांच्या बिडाच्या वजनांनी ती भरलीय.
बंद केलं की गेलं.
दर रात्री पहिल्यापासनं टाइप करतो.

सोमवारी कारखाना बंद. शाळा सुटल्यावर
पुतणीला आणलं. राजनंदा, सातवी ब.
हिच्या मोबाईलवर अख्खी शहरं जळतात.
बघितलं आणि म्हणाली, "एवढंच?"
आणि दीड तास उठली नाही.

मग ओरडली, "काका, हे खोटं हाय!
सांडलं तरी मार्क वाढतोय."

खरंच की.
चाळीसाव्या ओळीत मोजतोय,
पन्नासाव्यात विचारतोय, पेला खाली होता का.
आधी मोजायचं, मग विचारायचं.
आमच्या घरात बहुतेक हिशेब असेच झालेत,
पण ते तिला कशाला सांगू.

"मधी घाल की," ती म्हणाली. जागा होतीच.
पस्तीस.
'जर'ला एफ लागतो. खिळा तिनंच दाबला,
जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी.

आधी दोनशे चाळीस होते तिचे.
आता अकरा.
"अकरा!" म्हणाली, जणू आखाडाच मारलाय.

निघताना वजनाच्या पावतीमागं
सगळ्या ओळी तिनं उतरवून घेतल्या.
पुढच्या बाजूला ट्रकचा नंबर, टन, किलो.
शंभराला खेळ संपतो.
तिनं खाली एकशे दहा लिहिलं
आणि पुढं काहीच नाही.