आखूड उजेड

जानेवारी. पावणेसहा.
लल्लूभाई कंपाउंडच्या गेटापाशी व्हॅन,
आत नऊ पोरं, दोन अजून यायची,
आणि डम्पिंगचा धूर
रात्रभर खाडीच्या धुक्यात मुरून
आता रस्त्यावर उतरलेला.
रंग भांडी घासल्यावरच्या राखेच्या पाण्याचा.
जिभेवर जळक्या टायरची चव.

दिवे बसवले होते इस्माईल लांब्यांनी,
गोवंडी स्टेशनामागे, पत्र्याच्या शेडमध्ये.
बंपरच्या खाली, माझ्या गुडघ्याच्याही खाली.
म्हटलं, भाऊ, एवढे खाली? कुत्र्यांना रस्ता दाखवायचाय का?
दातांत स्क्रू धरून ते हसले.
"धुकं जमिनीला टेकत नाही, ताई.
वीतभर फट ठेवतं.
तिथून उजेड सरकवायचा,
दाराखालून चिठ्ठी सरकवतात तसा.
तिसरा खांब दिसेनासा झाला की लावा."
पुढे अजून काही बोलले.
मी तेव्हा सुट्टे मोजत होते.

आडनाव लांबे,
आणि सगळी शिकवण जवळचं बघायची.

बैंगनवाडीच्या पुढे तिसरा खांब गेला,
मग दुसरा.
भ्यायलेला हात सवयीने अप्परवर पडला
आणि समोर भिंत उभी राहिली,
ताज्या चुन्याची, नाकाला लागेल इतकी जवळ.
माझाच उजेड कुणी माझ्या तोंडावर फेकला होता.
पुढच्या सीटवरून मिस्बाहने विचारलं,
"मावशी, रस्ता संपला?"

अप्पर बंद केला. खालचे लावले.
भिंत काही विरघळली नाही,
फक्त तिचा पायथा सुटला.
पिवळ्या, पसरट, आखूड पट्ट्यात
दुभाजकाची कड आली,
एक रबरी चप्पल, एक खड्डा,
आणि उभ्या डंपरचं मागचं चाक.
दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसतं चाक.
अप्परवर असते तर
ते मला दिसलं नसतं,
भेटलं असतं.

वीस हात दिसत होतं.
वीस हातांत थांबता येईल
तेवढीच चालवली. दुसरा गिअर.
मागून हॉर्न. वाजवू दे.
मागचा लाल दिवा त्याच्यासाठीच लावलाय,
त्याला मी दिसतेय, एवढं पुरे.
मुलं गप्प. अकरा डबे
एकमेकांवर हळू आपटत होते.

छेडानगरच्या सिग्नलला हवा एकदम धुतल्यासारखी.
चार खांब, सहा खांब, पुढचा पूल,
पुलावरचं होर्डिंग, होर्डिंगवरची बाई.
मुलांना कंठ फुटला. कुणीतरी सातचा पाढा चुकवला.
मीही मोकळा श्वास घेतला
आणि विसरले.

मागचा रिक्षावाला वैतागला असणार,
त्याला वाटत होतं मी ब्रेक दाबूनच चाललेय.
समोरून सायकलवर एक पाववाला येत होता.
त्याने कोपर डोळ्यांवर घेतलं,
चाक फूटपाथला लागलं,
आणि निळ्या प्लास्टिकमधून
लाद्या रस्त्यावर.

उतरले. खरचटलंही नव्हतं त्याला.
पाव झटकत, माझ्याकडे न बघता
एवढंच म्हणाला,
"आता कसलं धुकं, बाई?"

शिवी दिली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

चार लाद्यांचे पैसे दिले, त्याने दोनच्याच घेतले.
संध्याकाळी शेडवर गेले. विचारलं,
त्या दिवशी तुम्ही शेवटी काय म्हणाला होतात?
लांबे वायर सोलत होते.
"हेच की लावायची आठवण धुकं करून देतं.
बंद करायची कुणीच देत नाही."

आता ते काम मिस्बाहकडे आहे.
काचेला नाक लावून ती खांब मोजते.
"मावशी, तिसरा दिसला," ओरडते,
कधी कधी दिसायच्या आधीच,
कारण बटणाचा तो खट्ट आवाज
तिला फार आवडतो.