रिकामा फुगा

कडेलोट बोलायचा तो माझ्या अक्षरात.
चित्रं केंजळ्यांची, गोष्ट अरगडे मास्तरांची,
तोंडातून निघणारा शब्द न् शब्द मात्र माझ्या टाकाचा.
बुधवारातल्या छापखान्याचा पोटमाळा,
आठ पानं, पंच्याहत्तर पैसे, दर दुसऱ्या शुक्रवारी.
ओरडला तर जाड निब.
कुजबुजला तर मोठ्या फुग्यात मुंगीएवढी अक्षरं,
भोवती पांढरं, नुसतं पांढरं.
मनाशी बोलला तर फुग्याला ढगाची झालर.
थट्टेत असला की 'ड'ची गाठ
जरा सैल सोडायचो मी.
कुणाच्या लक्षात आलं नसेल.
माझ्या यायचं.

आता बाणेरला, काचेच्या इमारतीत,
त्याचा सिनेमा होतोय.
शाल्मली ढमढेरे नावाची मुलगी फोन करते.
काका, त्याच्या पाठीवर काय आहे?
केंजळ्यांनी पाठ कधी काढलीच नाही.
पायाला बोटं किती?
बोटं जमायची नाहीत त्यांना, म्हणून तर
सगळ्या मारामाऱ्या धुरळ्यात व्हायच्या.
आणि अंगरखा जांभळा का?
लाल संपला होता, पोरी.
निळ्यावर गुलाबी चढवला, ठसा सरकला,
आणि तेव्हापासून लोक
त्या जांभळ्यात अर्थ शोधतायत.

तिला दोन चौकटींच्या मधलं हवं असतं.
एका चौकटीत पर्वतीच्या टोकावर,
पुढच्यात लकडी पुलाखाली, कमरेएवढ्या पाण्यात,
मधे कसा आला?
मधे बोटभर कोरी पट्टी होती.
तिथून यायचा.
वाचणारा आणायचा त्याला, आपल्या खर्चानं.
आता सेकंदाला चोवीस चित्रं लागतात.
त्या पट्टीतली घार, पत्र्याची छपरं,
कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर,
सगळं कुणीतरी रात्र जागून भरतंय.
मला हसू येतं.
मग फोनवर तिची जांभई ऐकू येते,
सकाळचे अकरा, तिची अजून कालचीच पाळी चाललेली.
मग नाही येत.

शेवटी तिनं विचारलंच.
अंक एकोणिसावा, शेवटचं पान.
तो कड्यावर उभा. तोंड उघडं. फुगा रिकामा.
त्यात काय आहे?

हे पूर्वी पोतंभर पत्रांनी विचारलंय.
साताऱ्याच्या एकानं कळवलं, तो आईला हाक मारतो.
भोरच्या एका मुलीनं तो फुगा कापून,
भरून, पाकिटातून परत पाठवला:
'मला भिती वाटते.'
पेन्सिलनं, वेलांटी चुकलेली.
मास्तर मिशीत हसायचे,
म्हणायचे, मौनाचा प्रयोग आहे तो.

खरं सांगू?
मास्तरांच्या चिठ्ठीवर चहा सांडला होता.
ते गावाला गेलेले. दारात मशीनवाला शेळके
मनगटावरचं घड्याळ ठोकत उभा.
मी टाक उचलला, काही सुचेना,
टाक ठेवला.

तिला सांगितलं. आधी हसली.
मग म्हणाली, हे मी मीटिंगमध्ये बोलत नाही हं.

परवा खेळ लावला, घरच्यांपुरता.
कडेलोटला आवाज कुणा भारदस्त माणसाचा,
घुमणारा, पोलादी. चांगलाय.
'ड'ची गाठ त्यात कुठून असणार.
तो झेपावतो तेव्हा केस न् केस वेगळा हलतो,
पायांना पाच पाच बोटं आहेत.
केंजळे असते तर
सबंध सिनेमाभर तीच मोजत बसले असते.

आणि तो कडा आला.
तोंड उघडलं.
संगीत थांबलं. वारा. एक, दोन,
तीन सेकंद.
म्हणजे बहात्तर चित्रं
कुणाकुणाशी भांडून कोरी ठेवली असतील तिनं,
तिचं तिला ठाऊक.

मागच्या रांगेत एक बाई
हळूच काहीतरी म्हणाली.
आवाजावरून पन्नाशीची असावी.
मी मान वळवली नाही.
हात मात्र अंधारात, मांडीवर,
निब चाचपत होता,
बारीक.
होती त्यातली सगळ्यात बारीक.