टोपीतलं पाणी

एकतिसाव्या वर्षी ताकिले बेटावर परतलो तेव्हा
डोक्यावर अरेकिपातल्या गॅरेजची टोपी होती,
छज्जावाली, ग्रीसने काळी.
धक्क्यापासून वर पाचशे पायऱ्या. धाप लागलेली.
उतरणारा जो भेटे तो विणत उतरे,
मान खाली नाही, नजर तळ्यावर, बोटं आपली आपली.
राम राम घ्यायला थांबले, पण सुया नाही थांबल्या.

इथे पोरगा आठ वर्षांचा झाला की टाके घालतो.
मी आठ वर्षांचा असताना बाप मला होडीत घालून
शहरात घेऊन गेला.
मी नट आवळायला शिकलो.

नातिविदाद म्हणाली, बाबा एकच विचारतील:
टोपी कुठाय तुझी?

गुरू मिळाला पुतण्या. सेल्सो. वय नऊ, पुढचे दोन दात गायब.
फी रोजचा एक पाव, रविवारी माझी बॅटरी वापरायला.
धागा मानेवरून घे काका, म्हणाला,
आतली बाजू तुझ्याकडे, नक्षी जगाकडे.
मला वाटलं, उलटं सांगतोय.

पहिली लोकर मी पुनोच्या बाजारातून आणली,
झगझगीत लाल, स्वस्त, हाताला साबणासारखी.
दुकानदारीण म्हणाली, कधीच विटणार नाही.
तीन आठवडे विणली. सेल्सोने तांब्याभर पाणी ओतलं.
चाळणीतूनसुद्धा पाणी जरा विचार करून पडतं.
"तुला टोपी घातली तिनं," सेल्सो म्हणाला,
आणि दात नसलेल्या जागेतून हसला.

मग वहिनीने चातीवर कातलेली दिली,
दोऱ्याहून किंचित जाड,
तिला अजून मेंढीचा वास, मध्ये मध्ये गवताची काडी.
तिला बाजारच्या सुया चालेनात. भोकं मोठी पडत.

या बेटावर सायकल चालवायला सपाटी नाही
पण सायकलच्या तारा घरोघरी आहेत.
पाच तारा मी स्वतः घासल्या, दगडावर, मग कानशीने.
एवढं एक काम मला येत होतं.
टोकं सेल्सोने जिभेला लावून तपासली. पास.

पण हात गॅरेजचा.
प्रत्येक टाका मी आवळून बसवायचो,
तार वाकायची, धागा कुरकुरायचा, पुढचं घर सुईत शिरेना.
"नट नाहीये तो काका,
उद्या त्याला परत हलायचंय."
उसव. पुन्हा घाल. उसव.
लोकरीला माझ्या बोटांचा वास लागला, मेंढीचा गेला.

अर्धी लाल, वर पांढरी, अविवाहिताची,
चार महिन्यांत झाली.

दोन क्रिसोस्तोमो अंगणात बसले होते.
कोण किती पाण्यात ते इथे तांब्याने मोजतात.
टोपी उलटी धरली, काठोकाठ भरली,
आणि निघाले, कुंपणापर्यंत, सावकाश,
जणू कुणाचं झोपलेलं मूल हातात.
माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं, टोपीतलं नाही.
कुंपणापाशी वळले. परत आले.
अंगणातल्या धुळीत तीन ठिपके.
तिन्ही थेंब एकाच ओळीतून.

म्हाताऱ्याने अंगठा बरोबर तिथे ठेवला.
"या ओळीला काय झालं होतं?"

मला माहीत होतं. त्या दुपारी
नातिविदाद बटाटे वाळत घालायला आली होती
आणि जाता जाता शेजारी टेकली होती,
फार वेळ नाही. दीड ओळ.
ती आता खाली मान घालून चाती फिरवत होती,
चाती जरा जास्तच वेगात.

उरलेलं पाणी त्यांनी बटाट्याच्या वाफ्यात ओतलं.
"इथपर्यंत उसव," म्हणाले.
हो नाही, नाही नाही.

मी टोक शोधलं, ओढलं.
ओला धागा लहरी लहरीने सुटत गेला,
इतके दिवसांचे टाके अंगात घेऊन वाकडा.
धरायला कुणीतरी लागतं.
नातिविदादने चाती खाली ठेवली,
दोन्ही हात पुढे केले.

"अजून चार पाव लागतील," सेल्सो म्हणाला.